सारवलेला रस्ता

"मूर्तीचा हात तुटला त्याचं मी एक वेळ विसरलो असतो तात्या," अजित शेटे म्हणाला. "पण पोरांनी तो हात फडक्यात गुंडाळून माझ्या घरी आणला. आई दोन दिवस जेवली नाही माझी."

शेटे बाजारपेठेतल्या गणेश मंडळाचा अध्यक्ष. तात्यांच्या कारखान्यात, म्हणजे पत्र्याच्या त्या लांबट शेडमध्ये, खोक्यावर बसून तो बोलत होता. जानेवारी महिना होता. मोठ्या मूर्तींच्या ऑर्डरी याच दिवसांत ठरतात. तात्या खाली बसून माती मळत होते. माझे हे चुलते, केरबा कुंभार. गल्लीतल्या अकरा मूर्तिकारांत वयाने आणि हाताने मोठे. माझे वडील मी चौथीत असताना गेले, तेव्हापासून मला यांनीच वाढवलं, डिप्लोमापर्यंत शिकवलं.

"हापशापाशी टेम्पोचं चाक खड्ड्यात गेलं," तात्या मान खाली घालूनच म्हणाले. "बांधणीत कसर न्हवती."

"माहीत आहे मला. पण पोरं आता ऐकत नाहीत. ती म्हणतात, बाहेरगावाहून आणू, टेम्पो दारात येतो." शेटेने चहाचा कप खाली ठेवला. "आजोबांपासून आमची मूर्ती या शेडमधनं निघते. म्हणून मी सांगून ठेवलंय, यंदा गल्लीचा रस्ता झाला तर ऑर्डर तात्यांनाच. नाही झाला तर मात्र मला बोलू नका. आणि आम्ही गेलो की बाकीची पाच मंडळं मागोमाग जाणार, हेही तुम्हाला कळतंय."

तात्यांनी मातीचा हात माझ्याकडे केला. "रस्त्याचं आता ह्याला इच्यारा. आमचा इलास नगरपालिकेत इंजिनेर हाय न्हवं?"

मी दारात उभा होतो, पँटीला माती लागू नये म्हणून. दोन वर्षांपूर्वी मी कनिष्ठ अभियंता म्हणून लागलो होतो आणि गल्ली सोडून नगरपालिकेच्या क्वार्टरमध्ये राहायला गेलो होतो.

"होईल," मी म्हणालो.

"होईल म्हणजे?" शेटे.

"म्हणजे यादीत पहिला नंबर आहे. मीच केलीय यादी."

तात्यांनी शेटेकडे असं पाहिलं, जणू ऑर्डर मिळालीच. आतून शेवंताकाकूने न विचारता तिसरा चहा टाकला.

खोटं नव्हतं ते. आमच्या गावात कुठला रस्ता करायचा हे ठरवायची आधीची पद्धत सोपी होती, ज्याचा आवाज मोठा त्याचा रस्ता. त्या वर्षी नवे मुख्याधिकारी आले आणि त्यांनी फर्मान काढलं की सगळ्या खराब रस्त्यांना गुण द्या आणि गुणांप्रमाणे यादी करा. ते काम माझ्याकडे आलं. मी एकतीस रस्ते पायी फिरलो. खड्ड्यांची खोली मोजली, गटार आहे की नाही ते पाहिलं, किती वाहनं जातात ते चौकाचौकात उभं राहून टिपलं. कुंभार गल्लीला शंभरात त्र्याऐंशी गुण पडले. एकही गुण मी वाढवून दिला नव्हता. निधी तीन रस्त्यांपुरता होता. पहिले पाच रस्ते बांधकाम समितीने प्रत्यक्ष पाहायचे, त्यांतले तीन निवडायचे आणि सर्वसाधारण सभेने त्यावर शिक्का मारायचा, असं ठरलं. पाचांत पहिली आमची गल्ली होती आणि चौथी पारिजात कॉलनी.

एप्रिलात समितीची तारीख लागली. गुरुवार. बुधवारी दुपारी मी मोटरसायकल काढून तात्यांना सांगायला गेलो. "उद्या साडेअकराला समिती येणार आहे," म्हणालो, "सभापती नलवडे आहेत, आणखी दोन नगरसेवक आहेत, मी आहेच." थोडं बोलणं झालं आणि मी परत ऑफिसला आलो.

गुरुवारी आधी पारिजात कॉलनी केली. ही नोकरदारांची नवी वस्ती. दारोदार गाड्या, गच्च्यांवर कुंड्या. रस्त्याच्या तोंडाशी कॉलनीचे अध्यक्ष शहापुरे उभे होते, बँकेतून मॅनेजर म्हणून निवृत्त झालेले. त्यांच्यामागे पंधरावीस माणसं गंभीर चेहऱ्याने उभी. एकाच्या पायाला प्लॅस्टर आणि काखेत कुबडी.

रस्त्याची दशा बघून मीच चाट पडलो. जानेवारीत मी मोजलेले खड्डे वीतभर होते, आता त्यांत पाय बुडत होता, आणि प्रत्येकात गढूळ पाणी. चार महिन्यांत गावात ढग दिसला नव्हता.

"नळाची लाइन टाकायला उकरलं होतं," शहापुरे म्हणाले. "बुजवायला कुणी आलंच नाही, साहेब."

"आणि पाणी?" मी विचारलं.

"लिकेज असणार."

आमचा ड्रायव्हर माझ्या कानाशी लागला. "सकाळी आठला ट्यांकर बघितला मी हितं. रिकामा करून गेला." मी त्याला गप्प बसवलं. म्हटलं, केलं असेल नाटक, चौथ्या नंबरच्या रस्त्याने पहिल्याचं काय बिघडणार? नलवड्यांचा पांढरा बूट चिखलात रुतला. कुबडीवाल्याने पुढे होऊन त्यांना हात दिला, तेही एका पायावर. फोटो काढले गेले. पुढे आठवड्याने तोच माणूस मला बाजारात दोन्ही पायांवर भाजी घेताना दिसला. त्याने मला ओळख दिली, हसलासुद्धा.

तिथून आम्ही कुंभार गल्लीत आलो.

गाडी वळली आणि मला क्षणभर वाटलं, ड्रायव्हर चुकला. दोनशे मीटरची ती गल्ली एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सपाट होती. एकही खड्डा नाही. दुपारचं ऊन त्या जमिनीवर सरळ पसरलं होतं. वरून शेणाचा ताजा सडा, दारादारापुढे रांगोळी, हापशाला आंब्याचं तोरण. बायका नवी लुगडी नेसून ओळीने उभ्या. तात्या पुढे आले, डोक्याला फेटा, हातात नारळ.

मी उतरलो आणि टाच टेकवून बघितली. खाली काय आहे ते मला कळलं. भट्टीतल्या फुटक्या खापऱ्या खड्ड्यांत भरल्या होत्या, त्यावर राख आणि लीद घालून मळलेली माती थापून चोपण्याने चोपली होती, वरून सारवलं होतं. मूर्तीसाठी राखून ठेवलेली माती होती ती. अकरा घरांनी आपापली माती काढून एका रात्रीत रस्त्यावर ओतली होती. मूर्ती आणि भांडी घडवणाऱ्यांचे हात ते. त्यांनी रस्तासुद्धा असा घडवला की कुठे सांधा दिसू नये.

शेवंताकाकूने नलवड्यांना ओवाळलं. त्यांचे बूट अजून पारिजात कॉलनीच्या चिखलाने भरलेले होते, आणि सारवलेल्या जमिनीवर उमटत जाणारे ठसे बघून ते स्वतःच ओशाळले.

"वा!" नलवडे म्हणाले. "काय गल्ली ठेवलीय राव तुम्ही. आमच्या बंगल्यापुढं एवढं स्वच्छ नाही."

"आपली किरपा," तात्या म्हणाले.

"मग खड्डे कुठायत?"

तात्यांनी माझ्याकडे बघितलं. मी बोलायला तोंड उघडलं, तोवर नलवड्यांनी हातातला माझा तक्ता वर धरला.

"त्र्याऐंशी गुण. पहिला नंबर." त्यांनी तक्त्याखालची माझी सही वाचली, मग तात्यांकडे पाहिलं, मग माझ्याकडे. आवाज चढवला नाही, उलट गमतीने म्हणाले, "कुंभार साहेब, ही तुमचीच गल्ली न्हवं?"

बाकीचे दोन नगरसेवक हसले.

"हो," मी म्हणालो.

"तरीच. असू दे, असू दे. आपल्या माणसांसाठी कोण करत नाही?"

त्या वेळी मी एकच करायला हवं होतं. कुणाच्या तरी शेडमधून पहार आणायची आणि हापशापाशी एकदा मारायची. हातभर आत गेली असती. सगळं तिथल्या तिथे मिटलं असतं. पण स्वतःच्या गल्लीला खोटे गुण दिल्याचा आळ माझ्यावर आला होता, आणि तो खोडायला मला जे सांगावं लागलं असतं ते सांगायची माझ्यात हिंमत नव्हती. तात्यांनी मला शाल घातली, समितीसमोर. "आमचा इलास हाय म्हनून आज साहेब गल्लीत आलं," असंही म्हणाले. मी शाल घेतली. नलवड्यांना हातभर उंचीचा एक गणपती दिला, रंगवलेला, तो त्यांनी गाडीत मांडीवर घेतला.

परतताना नलवडे म्हणाले, "लिहा. प्रत्यक्ष स्थिती."

"काय लिहू साहेब?"

"आता मी काय सांगू? तुम्ही इंजिनियर. जे दिसलं ते लिहा."

मी लिहिलं, 'रस्ता सुस्थितीत.' माझ्याच अक्षरात. ड्रायव्हरने आरशातून माझ्याकडे बघितलं.

मे महिन्यात सर्वसाधारण सभा भरली. विषय क्रमांक अकरा, रस्ते. नगराध्यक्षांनी तीन नावं वाचली. पहिलं पारिजात कॉलनीचं होतं. कुंभार गल्ली पाचव्या नंबरला गेली होती, म्हणजे यादीबाहेर. "मंजूर, मंजूर," असे आवाज निघायला लागले तशा आमच्या प्रभागाच्या नगरसेविका सुमनताई भोरे उभ्या राहिल्या. भाजीचा धंदा करणारी बाई. निवडून आल्यापासून सभेत चार वेळासुद्धा बोललेली नसेल.

"कुंभार गल्ली आधी पयली हुती," त्या म्हणाल्या. "आता पाचवी कशी काय? मी सवता पडलीया त्या खड्ड्यात. माझा पाय मुरगळलाय. खड्डं गेलं कुठं?"

"समितीने जाऊन पाहिलंय ताई," नलवडे म्हणाले. "फोटो आहेत."

"फोटोत काय बी दिसतंय! त्या पोराला इच्यारा की. त्यानं मोजल्यात." त्यांनी बोट माझ्याकडे केलं. मी भिंतीला लागून अधिकाऱ्यांच्या खुर्च्यांत बसलो होतो.

नगराध्यक्ष म्हणाले, "बरोबर आहे. अभियंत्यांचं म्हणणं काय?"

मुख्याधिकारी माझ्याकडे वळले. माझ्या मांडीवर दोन्ही कागद होते, वर समितीचा अहवाल आणि खाली माझा तक्ता, गल्लीच्या एकवीस खड्ड्यांची खोली सेंटिमीटरमध्ये लिहिलेला. मी उभा राहिलो.

"पाहणी अहवालाप्रमाणे, साहेब," मी म्हणालो.

सुमनताई खाली बसल्या. बसताना त्यांनी माझ्याकडे जसं पाहिलं ते मी आजही कुणाला सांगत नाही. विषय क्रमांक अकरा सर्वानुमते मंजूर झाला.

आमच्या गल्लीला कुणी फसवलं नव्हतं, कुणी चिरीमिरी घेतली नव्हती. मला तेच खातं. कुणी खाल्लं असतं तर त्याला शिव्या घालून मी मोकळा झालो असतो.

जूनमध्ये ती सगळी मळलेली माती पाघळली. आधी निदान खड्डे चुकवून चालता येत होतं, आता घोटाभर रबरबाट झाला, त्यात खापऱ्या. माणसांचे पाय कापले. ऑगस्टमध्ये बाजारपेठ मंडळाची मूर्ती बाहेरगावाहून आली. शेटे आदल्या दिवशी तात्यांना सांगायला आला होता, शेडमध्ये न बसता उभ्याउभ्या सांगून गेला. त्याच्या डोळ्यांत पाणी होतं म्हणतात. बाकीची पाच मंडळंही त्याच वाटेने गेली. तात्यांच्या शेडमध्ये नऊ फुटी सांगाडा सुतळी गुंडाळून तयार होता. शेट्याच्या भरवशावर नव्हे, माझ्या भरवशावर त्यांनी तो जानेवारीतच बांधायला घेतला होता.

चतुर्थी उलटल्यावर गल्लीची बैठक मारुतीच्या पारावर बसली. मलाही बोलावलं होतं. अकरा घरांतल्या सात घरांना त्या वर्षी मोठी ऑर्डर नव्हती.

"सारवायचं कुणाच्या डोक्यातनं निघालं?" पांडू कुंभाराने विचारलं. तात्यांपेक्षा दहा वर्षांनी लहान, तोंडाचा फटकळ. "पारिजातवाल्यांनी ट्यांकर सोडला, आन् आमी शेण सारवलं! जगात आमच्यासारखं येडं न्हाई."

"तात्यांनीच सांगितलं हुतं सगळ्यास्नी," मागून कुणीतरी बोललं.

"मग तात्यांनी सांगावं."

सगळे तात्यांकडे बघायला लागले. मीही बघितलं. तात्या गुडघ्यांना हाताची मिठी घालून बसले होते.

इथे मला मागे जावं लागेल. बुधवारी दुपारचं 'थोडं बोलणं' मी वर एका ओळीत उरकलं. ते असं झालं होतं.

समिती येणार म्हटल्यावर तात्यांनी पहिला प्रश्न विचारला होता, "मग खड्डं तसंच ठिवायचं न्हवं? का आनि जरा उकरू हापशापाशी? म्हंजी साहेबास्नी नीट दिसंल."

सातवी शिकलेल्या माणसाला नगरपालिका माझ्यापेक्षा चांगली कळत होती. आणि मी, डिप्लोमावाला, मोटरसायकलवर बसल्याबसल्या गल्लीकडे पाहिलं. खड्ड्यांत राख होती, कोंबड्या फिरत होत्या, भट्टीचा धूर भिंतींवर चढला होता. उद्या इथे माझ्या ऑफिसचे लोक येणार आणि नलवडे येणार, आणि हे माझं घर म्हणून बघणार. मी क्वार्टरमधल्या कुणालाही माझी गल्ली दाखवली नव्हती. लग्न ठरत होतं तेव्हा मुलीकडच्यांनासुद्धा मी परस्पर क्वार्टरवर नेलं होतं.

"असला उकिरडा दाखवणार का त्यांना?" मी म्हणालो होतो. "माझी लाज काढू नका तात्या. साहेब लोक येतात, जरा नीटनेटकं करून घ्या."

"पर मग खड्डं दिसायचं न्हाईत, इलास."

"माझ्या तक्त्यात आहेत ते. तुम्ही नका त्यात डोकं घालू."

तात्यांनी हाताची माती झटकली. मग म्हणाले, "तू म्हनशील तसं. तू इंजिनेर." आणि त्यांनी घरोघर जाऊन माती काढायला लावली. लाजेखातर करायला लावलेलं काम त्यांनी जीव ओतून केलं.

पारावर आता ते मान वर करतील, माझं नाव घेतील, म्हणून मी वाट बघत होतो. खरं सांगायचं तर मी त्या क्षणी मनात उत्तरही तयार ठेवलं होतं. 'मी स्वच्छ करा म्हणालो होतो, सारवा म्हणालो नव्हतो.' इतका नीच झालो होतो मी.

तात्यांनी माझ्याकडे बघितलंच नाही.

"माझीच हौस," ते म्हणाले. "पावनं येणार म्हटल्यावर ऱ्हावलं न्हाई. चुकलं माझं."

"तुमची हौस, आन् आमच्या पोटावर पाय!" पांडू ओरडला. कुणी त्याला आवरलं नाही. चहा आला. मी तो घेतला आणि संपवला. घरी जाताना तात्या माझ्या मोटरसायकलपर्यंत आले. मला वाटलं, आता तरी दोन शिव्या देतील. ते एवढंच म्हणाले, "तुझी नोकरी नवी हाय. जप."

त्यानंतर तात्यांनी मोठी मूर्ती केली नाही. दोन वर्षं पणत्या केल्या, मग शेडला कुलूप लागलं. गल्लीतली पोरं एमआयडीसीत कामाला गेली. 'केरबाची हौस' हा गल्लीत बोलायचा शब्दच होऊन बसला. कुणी नको तिथे थाटमाट केला की म्हणायचे, ही बघा केरबाची हौस. शेवंताकाकू गेली तीही नवऱ्यावर रागावूनच गेली. मी तिलाही सांगितलं नाही.

अकरा वर्षांनी कुंभार गल्ली काँक्रीटची झाली. तोवर मी शहर अभियंता झालो होतो, अंदाजपत्रकावर सही माझीच होती. उद्घाटनाला गल्लीने ठरवलं की नारळ सर्वांत वडीलधाऱ्या माणसाने फोडायचा, म्हणून तात्यांना घरातून धरून आणलं. नजर अधू झाली होती त्यांची. त्यांनी वाकून हाताने काँक्रीट चाचपलं, दोन्ही बाजूंनी, मूर्तीची पाठ चाचपावी तसं.

"गुळगुळीत केलाय," ते म्हणाले.

पांडू कुंभार मागे उभा होता. आता तोही म्हातारा झाला होता. तो मोठ्याने म्हणाला, "तात्या, बास झालं! आता हा सारवायला घिऊ नगा!"

सगळी गल्ली खो खो हसली. नगराध्यक्ष, नगरसेवक, सगळ्यांना तो किस्सा माहीत होता. तात्याही तोंडभर हसले. हसता हसता त्यांनी मान माझ्या आवाजाच्या दिशेने वळवली, कारण तोवर मीही हसायला लागलो होतो.